चाचणीपुरता ढावलो

नॉर्वेतल्या एका अनोळखी माणसाची मेल आली तेव्हा उज्ज्वला बावीस क्विंटल कापसावर बसली होती. ऐकायला हे राजेशाही वाटतं, पण बसणाऱ्याला विचारा. नेरपासून अकरा किलोमीटरवरचा तांडा, तांड्यातलं देवीलाल आडेचं घर, आणि त्या घराची पुढची खोली या वर्षी माणसांची राहिलेली नव्हती. बोंडअळीचं साल होतं. जे काही हाती लागलं ते भाव सुधारेल या आशेवर देवीलालने दिवाळीपासून खोलीत भरून ठेवलं होतं, आणि माघ संपत आला तरी ते तिथून हललं नव्हतं. आढ्याखालच्या झरोक्यापाशी तेवढी मोबाइलची रेंज यायची, म्हणून उज्ज्वलाने ढिगाच्या माथ्यावर एक रुंद फळी टाकून घेतली होती. पुण्यातल्या कंपनीचं काम ती त्या फळीवर मांडी घालून करायची. मानेला खाज सुटायची, पापण्यांवर तंतू बसायचे. वायर कापसात न्यायची नाही हा बापाचा कायदा, त्यामुळे बॅटरी संपली की घसरत खाली उतरायचं, स्वयंपाकघरात लॅपटॉप लावायचा आणि याडीच्या हातचा चहा प्यायचा. याडी म्हणजे आई. एवढं सगळं असूनही आजवर मिळालेल्या ऑफिसांपैकी हे तिला सगळ्यात आवडलेलं होतं, कारण कापूस आवाज पिऊन टाकतो. बाहेर कुत्री भांडत, बाप ओट्यावर फोनवरून भाव विचारत बसे, पण वरपर्यंत त्यातलं फार थोडं यायचं, आणि आलं तरी कुठल्या तरी दुसऱ्या दिवसातून आल्यासारखं यायचं.

मेल साधी होती. तुमचं प्लगिन मी रोज वापरतो, त्याबद्दल आभार. काल सहज त्याचं पॅकेज उघडून पाहिलं, तर आत एक फाइल दिसली, ती प्रोग्रामचा भाग वाटत नाही. माझ्या मशीनवर तिची अक्षरं उमटत नाहीत, नुसते चौकोन दिसतात. एकेचाळीस ओळी चौकोन. ही फाइल तिथं असायला हवी का? नसेल तर तुम्हाला कळावं म्हणून लिहिलं. खाली नाव आणि गावाचं नाव, दोन्ही तिला नीट उच्चारता आली नाहीत. एकेचाळीस हा आकडा मात्र तिने दोनदा वाचला, आणि मग बसल्या जागी तिला खाली सरकल्यासारखं झालं. ढीगच खचला असावा असं वाटून तिने फळीला हात लावून पाहिला. फळी जागेवर होती.

ती फाइल तिथं असायला नको होती. ती फाइल या लॅपटॉपबाहेर जगात कुठेच असायला नको होती, असं याडीचं म्हणणं होतं. उज्ज्वलाने लॅपटॉप मिटला आणि पाठीवर पडून राहिली. झरोक्यातून उन्हाची एक पट्टी आत येत होती आणि तिच्यात कापसाचे बारीक तंतू तरंगत होते, खाली यायची कुणालाच घाई नव्हती. ती पडल्या पडल्या गोष्ट उलट्या दिशेने जुळवू लागली, कामाची सवयच तशी. मशीन कुठं बिघडलं हे पाहायचं तर शेवटच्या ओळीपासून वर चढत जायचं.

तिचं काम बापाला तिने एकदा समजावून सांगितलं होतं. प्रोग्राम म्हणजे काही एक वस्तू नसते, शेकडो तुकडे असतात. ते गोळा करायचे, प्रत्येक तुकडा तपासायचा आणि सगळ्यांचं एक गाठोडं बांधून चालवायला द्यायचं, हे ज्या हत्याराने होतं त्याला बिल्ड टूल म्हणतात. आणि त्या हत्याराला आणखी एखादी गोष्ट शिकवायची असेल तर त्याला जी जोडणी लावतात ते प्लगिन. देवीलालच्या डोळ्यांत आश्विनात फवारणीचं औषध उडालं होतं, तेव्हापासून तो काळा चष्मा लावायचा. उज्ज्वला घरी येऊन राहिली ती त्या डोळ्यांसाठीच, आणि डोळे बरे झाले तरी राहिलीच. चष्म्याआडून तो म्हणाला होता, "म्हणजे आपला आजा बैलावर गोण्या लादे, तसंच. दुसऱ्याचा माल, आपली बांधणी." आणि मग म्हणाला, "आज्याले एक बरं होतं. गोणी फाटली तं मागं वळून मीठ सांडलेलं दिसे." तेव्हा ती हसली होती. तांड्यातले म्हातारे सगळं लदेणीवर, बैलांवरून माल वाहण्याच्या जुन्या धंद्यावर, नेऊन सोडतात, निवडणूक असो नाहीतर क्रिकेट.

तिचं प्लगिन लहानसं होतं, पण चांगलं होतं, हे ती मनातल्या मनात कबूल करायची. कंपनीच्या एका ॲपमधली मराठी वाक्यं गाठोडं बांधताना मोडायची. मात्रा इकडे, वेलांटी तिकडे, आणि शेतकऱ्याच्या फोनवर भलतीच नक्षी. तिने गेल्या दिवाळीत इथंच, याच घरात बसून, अशी मोडतोड आधीच पकडणारी जोडणी लिहिली. मग साहेब म्हणाले, सगळ्या जगासाठी टाक. जगासाठी टाकायचं म्हणजे एका मोठ्या सार्वजनिक भांडारात ठेवायचं. त्याचे सोपस्कार असतात. प्लगिनला नाव द्यायचं, ते आणखी कुणाचं नसावं. आवृत्तीचा आकडा द्यायचा. ते काय करतं ते चार ओळींत सांगायचं. ते आपणच बांधलंय याची खूण म्हणून आपल्या किल्लीने सही करायची. ती सही करताना तिला शाळेच्या दाखल्यासारखं वाटलं होतं, उज्ज्वला देवीलाल आडे, पूर्ण नाव. आणि एक नियम होता, जो सगळे वाचतात आणि कुणी मनावर घेत नाही. एकदा ठेवलेली आवृत्ती परत घेता येत नाही, बदलता येत नाही. चूक सापडली तर पुढचा आकडा काढा, जुनी तशीच राहील, कारण कुणीतरी कुठंतरी तिच्यावर विसंबून असेल. एक शून्य तीन ही तिची आवृत्ती दिवाळीच्या पाडव्याला त्या भांडारात गेली. आज तिने पाहिलं तेव्हा ती अकरा हजार मशिनींनी उतरवून घेतली होती.

आणि तिच्यात याडीचा ढावलो होता.

ढावलो बाहेरच्या माणसाला सांगायचा तर लग्नातलं रडणं म्हणावं लागतं, आणि तसं म्हटलं की तो समजुतीने मान हलवतो, आणि काहीच सांगितलं गेलेलं नसतं. नवरी निघते तेव्हा ती एकेकाच्या गळ्यात पडून रडते, पण ते रडणं शब्दांचं असतं, चालीचं असतं. आईच्या गळ्यात वेगळं, बापाच्या वेगळं, मैत्रिणींच्या वेगळं. जिच्या गळ्यात पडली तिनंही तसंच रडत उत्तर द्यायचं असतं. लग्न ठरलं की जाणत्या बाया नवरीला हे शिकवायला बसतात. उज्ज्वलाची याडी, नंदाबाई, ही पंचक्रोशीतली शिकवणारी. आठ-दहा तांड्यांतल्या मुली तिच्या हाताखालून रडत गेल्या होत्या. लहानपणी उज्ज्वला कोपऱ्यात बसून बघायची. पंधरा-सोळा वर्षांच्या पोरी खुदुखुदु हसत यायच्या, याडी त्यांच्या हनुवटीला धरून म्हणायची, हसून घे, आणि पहिली ओळ सांगायची, आणि तिसऱ्या-चौथ्या ओळीला त्या पोरीचा चेहरा आतून कुणीतरी उजेड विझवल्यासारखा व्हायचा. उज्ज्वलाला त्याची भीती वाटायची. भीती आणि हेवा, दोन्ही. त्या पोरी घरच्या आईपेक्षा तिच्या आईच्या जवळ जाऊन यायच्या, आणि उज्ज्वला तेव्हा कळंबच्या हॉस्टेलवर परत जायला ट्रंक भरत असायची.

मुलीचा ढावलो लग्न ठरण्याआधी तिला देत नाहीत. पण गेल्या दिवाळीत उज्ज्वलाच याडीच्या मागे लागली होती. तीस वर्षांची झाली होती, आणि याडीला गुडघ्यांनी उठता येईना, आणि एका संध्याकाळी चुलीपाशी तिला एकदम वाटलं की ही बाई एक दिवस नसेल आणि तिच्याबरोबर सगळं जाईल. मला दे, मी लिहून ठेवते, असं ती म्हणाली. याडीने भाकरी उलटली आणि पहिली ओळ सांगितली. ती नेहमीची नव्हती. बाकीच्या पोरींना ती जे शिकवायची त्यातलं हे नव्हतंच, हे तिने उज्ज्वलासाठी केलेलं होतं, केव्हा केलं कुणास ठाऊक, वेचणीला वाकलेली असताना असेल. उज्ज्वला टाइप करत गेली. गोरबोलीला, तांड्याच्या बोलीला, आपली लिपी नाही, देवनागरीत बसवायची तर अक्षरं ओढाताण करतात. एकेचाळीस ओळी झाल्या. संपल्यावर याडी म्हणाली, तुझ्या लग्नापर्यंत कुणाला दाखवू नकोस, न रडता बाहेर गेलेला ढावलो नासतो.

त्या ओळींत नवरी आईला सगळं सांगते. तू मला पाठीला बांधून कापूस वेचलास. तू ट्रंकेच्या कडीला तुझ्या घागऱ्याची, फेटियाची, किनार फाडून बांधलीस, म्हणजे शंभर ट्रंकांत मला माझी ओळखू यावी. इथपर्यंत उज्ज्वलाला डोळ्यांत पाणी आणून टाइप करता येत होतं. मग सव्विसावी ओळ आली. याडी, मी शिकत गेले तशी तू माझ्यासमोर हळू बोलायला लागलीस. ही ओळ याडीने चुलीकडे बघत सांगितली होती, आवाज जराही न बदलता, पुढची भाकरी थापत. आईने मुलीच्या तोंडी घालून स्वतःवर ठेवलेला ठपका. उज्ज्वलाची बोटं थांबली, मग तिने तेही टाइप केलं. खरं होतं ते. पुण्याहून ती येई तेव्हा घरातलं भांड्यांचं आपटणंसुद्धा कमी होई. ती फोनवर इंग्रजी बोलू लागली की याडी उठून मागच्या दारी जाई, काही काम नसताना. हे दोघींनाही माहीत होतं आणि दोघीही ते कधी बोलल्या नव्हत्या. त्यानंतर उज्ज्वलाने ती फाइल वाचण्यासाठी एकदाही उघडली नाही.

वाचण्यासाठी नाही. पण दुसऱ्याच दिवशी तिला प्लगिनची चाचणी घ्यायला असा मजकूर हवा होता ज्यात देवनागरीची सगळी अवघड वळणं असतील. ती ढावल्याची फाइल डेस्कटॉपवर समोरच होती. तिने ती उचलून चाचणीच्या फोल्डरमध्ये टाकली. मशीनने एकेचाळीसच्या एकेचाळीस ओळी बिनचूक वाचल्या, हिरवी खूण आली. चाचणीचा फोल्डर पॅकेजमध्ये जात नसतो. पण मदतीचा मराठी मजकूर आत जावा म्हणून तिने घाईत एक सूचना लिहिली होती, सापडतील त्या सगळ्या मजकुराच्या फाइली घे, आणि रेंज जायच्या आत बटण दाबलं होतं. एक ओळ. पुण्यातल्या ऑफिसमधून टाकलं असतं तर तपासणारं दुसरं कुणी असतं. इथं ती होती, कापूस होता आणि रेंजच्या दोन कांड्या होत्या. चूक कशी झाली ते एवढंच होतं, आणि ते तिला दहा मिनिटांत समजलं. पण ऊन झरोक्यावरून सरकून गेलं तरी ती तशीच पडून राहिली, कारण वर चढत चढत ती आणखी एका ओळीपाशी आली होती आणि तिथं तिला थांबायचं नव्हतं.

तिने मोनालीला फोन लावला. मोनाली तिच्याच कंपनीतली, राजूरची, बाप कोळशाच्या खाणीत. पुण्यात दोघी एका खोलीत राहायच्या आणि आपसात वऱ्हाडी बोलून घरमालकिणीला बुचकळ्यात टाकायच्या. मोनालीने सगळं ऐकून घेतलं.

"अवं, त्यात एवढं काय हाय? नवीन आवृत्ती टाक, जुनीवर 'वापरू नका' अशी खूण कर. झालं."

"जुनी निघतच नाई का? अर्ज करून?"

"तुले नियम माहीत नाई का? त्यात कोनाचा पासवर्ड अशीन तं ऐकतीन. गान्यासाठी कोन काढून राह्यलं?"

"गानं नाई थे."

"बरं, जे काय अशीन थे." मोनालीने तो विषय तिथंच सोडला. "तुह्या मायले समजनार हाय का? तू सांगतलं नाई तं कोन सांगन? नॉर्वेवाला येऊन?" मग हसून म्हणाली, "आमच्या इकडे तं लग्नात रडाले टाइमच नाई बाप्पा. वंदना झाली, हार घातले, पंगत बसली. माह्या ताईच्या लग्नात माय रडली, पन थे भांडे घासता घासता." आणि मग एकदम म्हणाली, "तू काहून इतकी घाबरून राह्यली, उज्जू?"

रेंज जातेय असं सांगून उज्ज्वलाने फोन ठेवला. रविवारी पाहुणे यायचे होते. दिग्रसकडच्या एका तांड्यातला मुलगा, बँकेत होता, फोटोत बरा दिसत होता. यात नवीन काही नव्हतं, तो सहावा होता. नवीन हे होतं की या वेळी याडीने फेटियाला आरसे लावायला काढले होते, आणि काल सकाळी केस विंचरता विंचरता विचारलं होतं, ओळी पाठ झाल्या का? झाल्यात, असं उज्ज्वला म्हणाली होती. तिला पहिल्या चारसुद्धा येत नव्हत्या. आता याडीला फाइलीचं सांगायचं तर ती तिथं का ठेवली होती तेही सांगावं लागणार होतं. तीच ती ओळ, जिच्यापाशी तिला थांबायचं नव्हतं. चाचणीच्या फोल्डरमध्ये माणूस काय ठेवतो? मोडलं तरी चालेल ते. जे कधी खरोखर वापरायचं नाही ते. दिवाळीच्या त्या दुपारी तिच्या बोटांना जे ठाऊक होतं ते तिला स्वतःला आज कळत होतं. ती कुणाच्याही मांडवातून रडत निघणार नव्हती. बँकेतल्या मुलाचं काही चुकलेलं नव्हतं, आधीच्या पाचांपैकीही कुणाचं नाही. तिला एकटीला बरं वाटत होतं, इतकं साधं होतं ते, आणि इतकं साधं कारण कुणाच्या आईला सांगायचं कसं हे तिला कुणी शिकवलेलं नव्हतं.

त्या दिवशी तिने दुसरं काही केलं नाही. रात्रीच्या जेवणाला ती बसली, याडीने वाढलं, बापाने भाव सांगितला, तो कालचाच होता. दुसऱ्या दिवशी सकाळी ती पुन्हा ढिगावर चढली. नको ती सूचना खोडली, पॅकेज बांधलं, उघडून पाहिलं, पुन्हा बांधलं. आत फक्त जे हवं तेच होतं. सही केली, एक शून्य चार असा आकडा दिला आणि पाठवलं. जुन्या आवृत्तीवर खूण केली. नॉर्वेतल्या माणसाला लिहिलं की ती फाइल चुकून गेली होती, कळवल्याबद्दल आभार. त्याचं लगेच उत्तर आलं. काय होतं ते विचारलं तर चालेल का? तिने लिहिलं, माझ्या आईच्या ओळी. मग ते खोडून लिहिलं, चाचणीचा मजकूर. मग तेही खोडलं आणि उत्तर न पाठवता बसून राहिली. डोळे मिटल्यावर तिला अकरा हजार खोल्या दिसू लागल्या, बर्फातल्या, समुद्राकाठच्या, थंडगार, कुणी राहत नसलेल्या, जिथं मशिनी एका रांगेत पुटपुटत असतात, आणि प्रत्येकीच्या पोटात कळंबची ट्रंक आणि फेटियाची फाडलेली किनार. काही मशिनी रोज सकाळी सगळं टाकून देतात आणि नव्याने उतरवून घेतात. म्हणजे याडी रोज सकाळी पुन्हा निघत होती, तिचा आवाज कुणाला न ऐकू येता. हे दृश्य इतकं शांत होतं की उज्ज्वलाला झोप लागली, आणि त्या झोपेत तीही एका मशीनमध्ये होती आणि तिथं कापसासारखंच उबदार होतं.

जाग आली ती खालून येणाऱ्या आवाजाने. याडी ढिगाच्या पायथ्याशी पाय पसरून बसली होती आणि कवडी वेगळी करत होती. अळीने खाल्लेला पिवळा, कडक झालेला कापूस म्हणजे कवडी, ती पांढऱ्यात राहिली तर व्यापारी सगळ्याचाच भाव पाडतो. याडीची बोटं न बघता काम करत होती. तिला वरून लेकीचं जागं होणं कळलं असावं, पण तिने मान वर केली नाही. तिच्या डोक्यात, भुवयांत कापूस बसला होता. मोनालीचं म्हणणं उज्ज्वलाला आठवलं, तू सांगितलं नाहीस तर कोण सांगेल? खरंच होतं. रविवारी नाही म्हणून टाकायचं, सहाव्यांदा, काहीतरी कारण काढून. याडी आरसे काढून पुन्हा पेटीत ठेवील. पुढल्या वर्षी पुन्हा विचारील, ओळी पाठ आहेत ना? आणि असं एक दिवस विचारायचं बंद होईल. हे सगळं जमण्यासारखं होतं. याडीसमोर हळू बोलत राहायचं, एवढंच करायचं होतं. ही गोष्ट मनात आली आणि उज्ज्वलाला स्वतःची शरम वाटली, उघडी, गालांपर्यंत चढलेली शरम. ती घसरत खाली आली आणि याडीसमोर बसली. कवडीचं एक बोंड हातात घेऊन तिने सांगून टाकलं. तू दिलेला ढावलो माझ्या हातून बाहेर गेला.

मायलेकी आपसात गोरबोलीतच बोलत. वऱ्हाडी ही याडीची बाजाराची भाषा, नेरला व्यापाऱ्याशी, बसच्या कंडक्टरशी, दवाखान्यात बोलायची. तिने आता उज्ज्वलाकडे पाहिलं आणि वऱ्हाडीत विचारलं, "कोठी गेला?"

आपल्याशी बाजाराची भाषा, हे उज्ज्वलाला लागलं. पण तीही त्याच भाषेत गेली. "दुनियेत. अकरा हजार मशिनीत."

"वाचते का लोकं?"

"नाई. त्यायले नुसते चौकोन दिसते."

"मंग वापस बोलाव."

"वापस येत नाई. नियम हाय तसा. एकदा देल्लं का देल्लं."

याडीने मान हलवली. हा नियम तिला समजावून सांगावा लागला नाही. ती पुन्हा कवडी काढू लागली, दोन, तीन, चार. मग म्हणाली, "थ्या जागी ठेवलाच कायले?"

"तपासाले. मशीन बरोबर वाचते का नाई पाहाले."

"म्हणजे नासला तरी चालते म्हणून."

उज्ज्वला हातातलं बोंड चिवडू लागली.

"म्हणजे तुले थो लागनारच नोता."

बाहेर ओट्यावर देवीलाल कुणाला तरी फोनवर हो हो म्हणत होता. उज्ज्वलाने बोंड खाली ठेवलं. "नाई, याडी," ती म्हणाली. "मले नाई करायचं लग्न. याच्याशी नाई आन् कोनाशीच नाई. दिवाळीलेच माहीत होतं मले. तरी मी तुह्याकडून मांगून घेतला." शेवटचं वाक्य तिला अवघड गेलं. हवा कशाला होता मग? आईचं काहीतरी आपल्याकडे असावं म्हणून. हे ती बोलली नाही, पण तिच्या तोंडावर ते दिसत असावं.

याडीची बोटं बराच वेळ चालू राहिली. पांढरा एका बाजूला, पिवळा दुसऱ्या. मग ती थांबली, गुडघ्यावर हात रोवून उठली, उठताना कण्हली, आणि उज्ज्वला हात द्यायला उभी राहिली तेव्हा तिने तो हात घेतला नाही. तिने दोन्ही हात लेकीच्या गळ्यात टाकले, सगळा भार टाकला आणि पहिली ओळ रडायला सुरुवात केली. नवरीची ओळ, जशी तिने चुलीपाशी सांगितली होती तशीच, एकही शब्द इकडचा तिकडे न करता, तीस वर्षांच्या पोरीला याडी म्हणून हाक मारत. तो आवाज उज्ज्वलाने कोपऱ्यातून शेकडो वेळा ऐकला होता, पण अंगावर कधी घेतला नव्हता. तो कानात शिरत नव्हता, बरगड्यांत शिरत होता. पाठीला बांधून वेचलेला कापूस आला, ट्रंक आली, फेटियाची किनार आली. याडीचं तोंड तिच्या खांद्यात रुतलेलं होतं आणि खांदा भिजत होता. दारात देवीलाल येऊन उभा राहिला. तांड्यात ढावलो ऐकला की माणसं जे विचारतात तेच त्याने विचारलं, "कोन चाललं?" आतली ओळ थांबली नाही. तो थोडा वेळ आतल्या अंधाराकडे बघत राहिला, मग ओट्यावर जाऊन बसला.

सव्विसाव्या ओळीला याडी थांबली. मी शिकत गेले तशी तू माझ्यासमोर हळू बोलायला लागलीस. ती ओळ तिने ओढून, तीन हेलकाव्यांत म्हटली, आणि मग श्वास घेत नुसती लटकून राहिली. उत्तराची जागा होती ती. उज्ज्वलाला ते कळत होतं. गळ्यात पडलेलीला उत्तर द्यायचं असतं. पण नवरीला फक्त नवरीच्या ओळी शिकवतात, आईच्या कुणी शिकवत नाही. एकेचाळीस ओळींत ते नव्हतं, भांडारात नव्हतं, कुठल्याही मशीनमध्ये नव्हतं. याडीचा भार वाढत होता. काहीच सुचत नव्हतं, आणि उज्ज्वला तशीच, चाल न सापडता, लहानपणच्या, हुंदक्यांत मोडणाऱ्या गोरबोलीत रडू लागली. हळू बोलू नको, मोठ्यानं बोल, मला रागाव, भांडी आपट, मी इथंच आहे, मी कुठं चाललेली नाही. दोन शब्द मराठीच आले, एक चुकीचा आला. याडीने तिच्या खांद्यावरून तोंड न उचलता, हुंदका न थांबवता, तो चुकलेला शब्द नीट करून सांगितला, आणि उज्ज्वलाने तो तसा म्हणेपर्यंत पुढच्या ओळीला गेली नाही.